‘चांगली बाई मिळाली’ एवढ्यावर भागत नाही

म्हाताऱ्या माणसाला घरी सांभाळणं हा शेवटी नशिबाचा भाग आहे, असं भिलाईच्या हुडकोत सर्रास ऐकू येतं. चांगली बाई मिळाली तर निभावलं, नाही मिळाली तर भोगायचं. एजन्सी काय, माणूस पाठवते. पुढचं ज्याचं त्याचं नशीब. असं बोलणारी माणसं निर्दय नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी आपल्या आईवडिलांचं अंथरुणातलं सगळं स्वतःच्या हाताने केलेलं आहे. तरीही हे म्हणणं चुकीचं आहे आणि ते खोडून काढायला हवं. कारण याच समजुतीच्या आडोशाला, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून घेणाऱ्या एजन्सी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ज्यांची असायला हवी ती सरकारी खाती निवांत बसली आहेत.

आमदी नगरची ही वसाहत सगळ्यांना हुडको म्हणूनच माहीत आहे. पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून, कंपनीच्या सेक्टरमधलं क्वार्टर सोडताना डोक्यावर स्वतःचं छप्पर असावं म्हणून इथे आलेली कितीतरी घरं आहेत. तेलुगू, मल्याळी, बंगाली, छत्तीसगढी शेजारात नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडची मराठी घरंही आहेत. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत भरती झालेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला, काही अमेरिकेत. मोठं दुखणं आलं तर सेक्टर 9 चं कंपनीचं रुग्णालय आहे. निवृत्त कर्मचाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला तिथे उपचार मिळतात. खरा प्रश्न डिस्चार्जच्या कागदावर सही झाल्यानंतर सुरू होतो. अर्धांगवायू झालेलं माणूस नाकात नळी आणि लघवीची पिशवी घेऊन घरी येतं. काल जे काम शिकलेल्या नर्स तीन पाळ्यांत करत होत्या, ते आज औषधाच्या दुकानातून नंबर मिळालेल्या कुठल्याशा एजन्सीची एक मुलगी एकटीने करू लागते. तिच्या वर कोण आहे, हे घरच्यांना माहीत नसतं. बहुतेक वेळा वर कोणी नसतंच.

रात्री आठला पाळी बदलते तेव्हा काय घडतं ते जवळून बघा. दिवसाची दीदी खांद्याला पर्स लावून दाराशी उभी असते, तिला न्यायला आलेली मोटारसायकल फाटकाबाहेर घुरघुरत असते. ‘खाना हो गया, दवाई दे दी,’ एवढं सांगून ती निघते. दुपारी आजींनी निम्मंच खाल्लं होतं, हे सांगायचं राहतं. सकाळचं इन्सुलिन मात्र पूर्ण दिलेलं असतं. माकडहाडाजवळची कातडी लाल झाली आहे, हेही तिने पाहिलेलं असतं, पण पावडर लावली म्हणजे झालं असं तिला वाटतं. रात्रीची दीदी नवी, आज पहिल्यांदाच आलेली, कारण नेहमीची गावी गेली आहे. आजी झोपाळलेल्या दिसतात, अंगाला घाम आहे. उकडत असेल म्हणून ती पंखा वाढवते. नळीतून दूध देते, आणि बसून बसून पाठ अवघडली असेल म्हणून मायेने त्यांना लगेच आडवं करते.

या सगळ्यात वाईट बाई कुठे आहे? दोघींपैकी कोणीही हात उगारलेला नाही, पैसे चोरलेले नाहीत, मोबाइल बघत वेळ घालवलेला नाही. तरी एकाच संध्याकाळी तीन संकटं आजींच्या उशाशी येऊन बसली. इन्सुलिननंतर खाणं कमी झालं तर रक्तातली साखर घसरते. घाम आणि झोपाळूपणा ही त्याची खूण आहे. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू निदान तीस अंश तरी वर हवी आणि नंतरही अर्धा तास ते तासभर तशीच ठेवावी लागते. नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. लाल झालेली कातडी ही शय्याव्रणाची पहिली पायरी असते. तिथला भार काढून दर दोन तासांनी कूस बदलली तर ती मागे फिरते, नाहीतर थोड्याच दिवसांत तिथे जखम उघडते. पावडरीचा इथे काही उपयोग नाही. रात्रीच्या दीदीने आडवं केलं ते प्रेमापोटी केलं. म्हणून सांगतो, माया पुरत नाही. तिच्या हातात लिहिलेलं काही नव्हतं, तिला दाखवून देणारं कोणी नव्हतं, शंका आली तर फोन करावा असा एकही नंबर नव्हता. या तीन गोष्टी पुरवणं हे एजन्सीचं काम होतं आणि तिने ते केलं नाही.

हे समजून घ्यायला हुडकोतल्या माणसांना बाहेरच्या पंडिताची गरज नाही. ज्यांनी पस्तीस-पस्तीस वर्षं कोक ओव्हनवर, भट्टीवर, रोलिंग मिलमध्ये काढली, त्यांना सुरक्षितता कशाने येते हे पक्कं ठाऊक आहे. पाळी सोडण्याआधी लॉगबुकात नोंद करायची, येणाऱ्याला तोंडी सांगायचं आणि मगच निघायचं. गॅसच्या वाहिनीला हात लावायचा तर आधी परमिट घ्यायचं. फिटर कितीही हुशार असला तरी या पायऱ्या त्याला चुकत नाहीत, कारण हुशार माणूसही थकतो, विसरतो, घाईत असतो. आणि अपघात झाला तर जाब वर विचारला जातो. 9 ऑक्टोबर 2018 रोजी कोक ओव्हनच्या भागात गॅसवाहिनीच्या देखभालीचं काम चालू असताना स्फोट होऊन आग भडकली आणि दहाहून अधिक जण दगावले. त्यानंतर कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदावरून हटवण्यात आलं, सुरक्षा आणि ऊर्जा विभागांतले वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले. तेवढ्याने गेलेली माणसं परत आली नाहीत, पण तत्त्व स्पष्ट होतं: काम ज्याच्या व्यवस्थापनाखाली चालतं, त्याने उत्तर द्यायचं. मग ज्यांनी आयुष्यभर हे तत्त्व पाळलं, त्यांच्याच बिछान्याजवळ ते लागू का होऊ नये? पलंगावरून पडून खुबा मोडला की ‘बाई निष्काळजी होती’ म्हणून तिला काढून टाकायचं, एजन्सीने दुसऱ्या दिवशी दुसरी पाठवायची आणि प्रकरण मिटलं असं मानायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? पहिलीला जे सांगितलं नव्हतं, ते दुसरीलाही सांगितलेलं नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कॅमेरा बसवा. मुलगा परदेशातून मोबाइलवर बघेल, बाई धाकात राहील. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस रात्री कडी काढून बाहेर पडत असेल तर कॅमेऱ्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण घसरलेली साखर कॅमेऱ्यात दिसत नाही. चादरीखालची जखम दिसत नाही. लघवीची पिशवी पलंगाच्या काठावर ठेवल्यामुळे लघवी उलटी मूत्राशयाकडे सरकते आहे, हे पुण्यात ऑफिसात बसलेल्या मुलाला दिसूनही कळणार नाही, कारण पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली हवी हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. कॅमेऱ्याने फार तर थप्पड पकडली जाते, तीही मारून झाल्यावर. आणि ज्या आईने आयुष्यभर पदर सांभाळला, तिला स्पंज करताना, तिचे कपडे बदलताना कोणी तरी स्क्रीनवर बघत असावं, हे तिला विचारून ठरवलं का? कॅमेऱ्याने आणखी एक घोटाळा होतो. देखरेख हे एजन्सीचं काम, त्याचे ती पैसे घेते. कॅमेरा बसला की ते काम गुपचूप मुलाच्या गळ्यात पडतं, आणि पैसे एजन्सीकडेच जात राहतात.

दुसरं उत्तर पोलीस व्हेरिफिकेशनचं. ते करावंच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली केंद्राने जे नमुना नियम तयार केले, त्यांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यात ठेवणं, महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाणं आणि घरी कामाला असलेल्यांची मागणीनुसार पडताळणी करणं, हे सगळं आहे. पण व्हेरिफिकेशनचा कागद इतकंच सांगतो की या व्यक्तीवर गुन्हा नाही. जड माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे तिला येतं की नाही, ते त्या कागदावर नसतं. चोरीची भीती आपल्याला इतकी मोठी वाटते की, चोरीपेक्षा कितीतरी जास्त माणसं पडल्याने, जखमांनी आणि चुकलेल्या औषधांनी खंगतात, याकडे आपलं लक्षच जात नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो सर्वांत जास्त बोचतो. ‘मुलांनी करायचं असतं हे. परक्यांवर टाकलं तिथेच चुकलं.’ मुलांची जबाबदारी कायद्यानेही मानलेली आहे. 2007 च्या कायद्याने आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, निर्वाहाची कमाल रक्कम दरमहा 10,000 रुपये ठरलेली आहे. पण मुलगा घरातच असला तरी तो रात्री दर दोन तासांनी उठून वडिलांची कूस बदलू शकेल आणि सकाळी कामावरही जाऊ शकेल, असं किती दिवस चालेल? प्रत्यक्षात हे ओझं मुलावर पडतही नाही. ते सुनेवर पडतं, नाहीतर पंचाहत्तरीतल्या बायकोवर, जिचे स्वतःचे गुडघे गेलेले असतात. आणि पोटच्या पोरालाही नळीतून अन्न देणं जन्मतः येत नाही. ते शिकावं लागतं. म्हणून ‘घरचे की परके’ हा वाद मूळ प्रश्नाला बगल देतो. कोणाच्याही हातून होवो, काम धड होतंय की नाही हे बघणारं शिकलेलं माणूस हवं.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसं घेतात: नियम आणले की सगळं महाग होईल, लहान एजन्सी बंद पडतील, आज मिळते ती बाईही मिळणार नाही. या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं, कारण पेन्शनच्या तुटपुंज्या पैशात घर चालवणाऱ्यांची ती खरी भीती आहे.

पहिली गोष्ट, या देशात घरी माणूस पुरवणाऱ्यांना नियम लावताच येत नाहीत, असं अजिबात नाही. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याने परवाना लागतो. केंद्राच्या नमुना नियमांत त्या वॉचमनला 100 तासांचं वर्गातलं आणि 60 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. म्हणजे जो आपल्या फाटकाची राखण करतो त्याच्यासाठी कायदा आहे, आणि जी आपल्या आईच्या नाकातल्या नळीत अन्न ओतते तिला पाठवणाऱ्यासाठी तशी अट नाही. वॉचमन एजन्सींचा धंदा त्या कायद्याने बुडाला का? गल्लोगल्ली त्यांचे बोर्ड दिसतात. खुद्द छत्तीसगडने 2013 मध्ये घरकामगार पुरवणाऱ्या खासगी एजन्सींना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. जशपूरसारख्या भागांतल्या मुलींना कामाच्या नावाखाली दिल्लीला नेऊन विकलं जात होतं, त्याला आळा घालायला तो आला. राज्याची इच्छा असली की एजन्सीला कायद्याच्या चौकटीत आणता येतं, हे राज्यानेच दाखवून दिलं आहे. तो कायदा कामाला जाणाऱ्या मुलीच्या रक्षणासाठी आहे. ती ज्याच्या खोलीत काम करते, त्या म्हाताऱ्या माणसाच्या रक्षणाचा भाग अजून लिहायचा आहे.

केंद्रानेही तो लिहायला घेतला होता. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिक दुरुस्ती विधेयकात वृद्धाश्रमांबरोबर घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींच्या नोंदणीची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. साडेचार वर्षांत त्यावर मतदानही झालं नाही. यासाठी रस्त्यावर कोणी उतरलं नाही, कारण ज्यांच्यासाठी ते होतं ती माणसं अंथरुणातून उठू शकत नव्हती आणि बाकीचे आपण नशिबाच्या गोष्टी करत होतो.

आता खर्च. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं कवच मिळालं. चांगलं झालं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनला सरकार पैसे देईल. तो मोडू नये म्हणून न्हाणीघरात धरायला दांडा कुठे बसवावा, झोपेची कोणती गोळी कमी करायला डॉक्टरांना विचारावं, हे घरी येऊन सांगणाऱ्या नर्ससाठी त्यात काही नाही. म्हणजे खर्च आजही होतोच आहे, फक्त उशिरा आणि जास्त होतो आहे. एक शिकलेली नर्स आठवड्याला कितीतरी घरांना भेट देऊ शकते. तिचा खर्च त्या सगळ्या घरांत वाटला जातो. वही तर स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावं. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सुरू झालेल्या कामातून तिथे घरोघरी जाणाऱ्या नर्स आणि स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं; 2008 मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं आणि पंचायतींनी ते उचललं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे ठरल्या दिवशी नर्स येते, जखम बघते, घरच्यांना शिकवते. जपानने 2000 साली दीर्घकालीन देखभालीचा विमा आणला. तिथे घरी जाणाऱ्या मदतनिसाचं प्राथमिक प्रशिक्षणच 130 तासांचं आहे. इंग्लंडमध्ये घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची तपासणी 2009 पासून एकाच आयोगाकडे आहे आणि त्याचे शेरे कोणालाही वाचता येतात. तिथेही वाईट संस्था सापडतात. पण त्या सापडतात, आणि आईसाठी माणूस ठरवण्याआधी मुलीला ते वाचता येतं. आपल्याकडे वाईट एजन्सी सापडतच नाही, कारण शोधायला कोणी जात नाही.

राहिली ती स्वतः दीदी. तिच्याबद्दल बोलताना आपण फार लवकर संशयावर जातो. ‘चोवीस तासांची बाई’ असा शब्द आपण सहज वापरतो; चोवीस तास जागं राहणारं माणूस देवाने घडवलेलं नाही. दिवसभर उचल-ठेव करून ती पहाटे तीनला गाढ झोपलेली असते, त्याच वेळी बाबा लघवीला एकटे उठतात आणि ओल्या फरशीवर पाय सरकतो. याला तिचा आळस म्हणायचं की एका माणसाचे पैसे वाचवून दोघांचं काम करून घेणाऱ्या एजन्सीचा हिशेब? एजन्सी घरच्यांकडून किती घेते आणि तिच्या हातात किती देते, हे घरच्यांनी कधी विचारलेलं नसतं. जी स्वतः रडकुंडीला आलेली आहे, जिला आठवड्याची सुट्टी नाही, चूक झाली तर शिकवण्याऐवजी हाकलून देणारी एजन्सी आहे, ती चूक झाल्यावर सांगेल की लपवेल? लपवेलच. पलंगावरून पडलेल्या आजींना उचलून पुन्हा झोपवेल आणि सकाळी ‘सब ठीक है’ म्हणेल. चूक सांगितल्याने नोकरी जाणार नाही, एवढी खात्री तिला देणं हाही रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. माणूस ठरवताना एजन्सीला विचारा: तुमची नर्स कोण, तिची नर्सिंग कौन्सिलकडे नोंद आहे का, ती किती दिवसांनी घरी येऊन तपासणार? काळजीचा लेखी तक्ता कोण करून देणार? पाळी बदलताना वहीत काय लिहिलं जाणार: खाणं, पाणी, औषध, लघवी, कूस बदलल्याची वेळ, कातडीची स्थिती? नेहमीची दीदी सुट्टीवर गेली तर बदली कोण, आणि तिला कामाची माहिती कोण देणार? काही अघटित घडलं तर त्याच दिवशी घरच्यांना कळवणार का? बारा तासांवर पाळी नाही आणि आठवड्याची सुट्टी आहे, हे लेखी देणार का? एकेकट्या घराने हे विचारलं तर एजन्सी उडवून लावेल. हुडकोतल्या ज्येष्ठांनी एकत्र येऊन हीच यादी प्रत्येक एजन्सीपुढे ठेवली, तर तिला विचार करावा लागेल. पैसे घेऊन दिलेली सेवा आहे ही. त्यात कसूर झाली तर दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे वहीतली नोंद हाच पुरावा ठरतो.

रुग्णालयांनीही डिस्चार्ज देण्याआधी घरी काळजी घेणाऱ्या माणसाकडून नळीचं आणि कूस बदलण्याचं काम स्वतःसमोर एकदा करून घ्यावं. कागद हातात देऊन मोकळं होऊ नये. आणि राज्य सरकारने दिल्लीची वाट बघू नये. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. शुश्रूषागृहांना परवाना देणारा 2010 चा कायदा आणि प्लेसमेंट एजन्सींचा 2013 चा कायदा, दोन्ही राज्याचेच आहेत. घरी रुग्णसेवा पुरवणाऱ्या एजन्सीची नोंदणी, देखरेखीला नर्स, अपघाताची नोंद आणि तपासणीचा जाहीर अहवाल, एवढ्या चार गोष्टी त्यांच्या जोडीला आणायला राज्याला कोणी अडवलेलं नाही.

‘आमच्या हयातीत कुठे होणार हे?’ असं हुडकोतली वडीलधारी मंडळी म्हणतील. कायद्याला वेळ लागेल, खरं आहे. वहीला लागत नाही. ती आज रात्री आठच्या पाळीपासून सुरू करता येते, आणि ती भरून घेण्याचा आग्रह धरणारं प्रत्येक घर, पुढे कायदा मागताना, काय हवं आहे ते नेमकं सांगू शकेल. ज्यांनी कारखाना चालवला त्यांना जबाबदारी कोणाची हे विचारायची सवय आहे. तोच प्रश्न आता आपल्या घरात माणूस पाठवणाऱ्याला विचारा, आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत त्याचं बिल चुकतं करू नका.